घरी ट्रान्सफॉर्मर बांधताना पत्त्या कशा भराव्यात

ट्रान्सफॉर्मर बांधायचा म्हटलं की जो तो तारेबद्दल सांगतो. गेज कोणता, तांबं अस्सल आहे का, वेढे किती. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर मी असे कितीतरी बांधले आहेत. माझा अनुभव असा की तार क्वचितच दगा देते, घात होतो तो गाभ्याच्या पत्त्या, म्हणजे पोलादाचे ई आणि आय आकाराचे पातळ तुकडे, भरताना.

उदाहरणाला 230 व्होल्टवरून 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा घेऊ. सामान तुम्ही आणलेलं आहे असं धरतो.

आधी बॉबिनमध्ये, म्हणजे तार गुंडाळायच्या पोकळ रिळात, जाणाऱ्या ई पत्तीच्या मधल्या जिभेची रुंदी आणि पत्त्यांच्या थराची जाडी मोजा. 2.5 गुणिले 3, म्हणजे 7.5 चौरस सेंटिमीटर. लेप आणि फटी वजा जाता निव्वळ पोलाद 7 धरा. 45 ला (हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो) 7 ने भागलं की दर व्होल्टला साधारण 6.4 वेढे येतात. प्रायमरीचे (230 व्होल्टची बाजू) आणि सेकंडरीचे (12 व्होल्टची बाजू) वेढे एकाच बदलत्या चुंबकीय प्रवाहाभोवती असतात, म्हणून दर वेढ्याला मिळणारे व्होल्ट दोन्हीकडे सारखेच. प्रायमरी 1480 वेढे, 32 गेज. सेकंडरी 77, आणि लोडवर पडणाऱ्या व्होल्टेजसाठी आणखी 6, म्हणजे 83, 20 गेज.

‘45 कशाला, 30 ने भागा, तार वाचते’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. 45 हा आकडा 50 हर्ट्झला गाभ्यातली चुंबकीय घनता 1 टेस्ला धरून येतो, 30 म्हणजे दीड टेस्ला. चांगलं सिलिकॉन पोलाद 2 टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, हे खरं, पण भंगारातून आणलेल्या पत्तीची जात तुम्हाला ठाऊक नसते. त्यात लाइन 250 व्होल्टवर चढली की उरलेली सवडही जाते.

गुंडाळणं सोपं आहे: वेढ्याला वेढा लावून, दर थरावर कागद. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये मायलरच्या (प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या) पट्टीचे तीन थर, त्यात काटकसर नाही.

आता पत्त्या. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर लोड नसतानाही अर्ध्या तासात हात लावू देईना आणि टेबलभर घुमायचा. वेढे मी दोनदा मोजले होते. शेजारचे एक काका, वडोदऱ्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले, त्यांनी वेढ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्त्यांच्या कडेवर नख फिरवलं आणि म्हणाले, ‘सगळ्या ई एकाच बाजूने घातल्यास ना?’ तसंच केलं होतं. सगळ्या ई एकीकडून आणि सगळ्या आय दुसरीकडून लावल्या की मध्ये सलग फट राहते. या मापाच्या गाभ्यात चुंबकीय प्रवाहाची पोलादातली वाट साधारण 15 सेंटिमीटरची. चांगल्या पोलादात त्या अख्ख्या वाटेला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुपटीहून जास्त जोर 0.1 मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या कागदाएवढी, एक फट ओलांडायला लागतो. तो जोर प्रायमरी लाइनमधून जास्त करंट ओढून पुरवते आणि तापते.

म्हणून एक ई डावीकडून, पुढची उजवीकडून, प्रत्येकीसमोर तिची आय. दोन-दोनच्या जोड्यांनी भरलं तरी चालतं, पण दहा-दहाचे गठ्ठे करू नका. प्रेसमध्ये कापताना पत्तीच्या एका अंगाला बारीक धार उरते, ती नखाला लागते. सगळ्या धारा एकाच तोंडाला ठेवा. शेवटच्या चार-पाच पत्त्या घट्ट जातात, तिथे हातोडी उचलू नका. लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका, नाहीतर बॉबिन चिरतं आणि पत्तीची कड तारेत घुसते. माझी एक प्रायमरी अशीच गेली, 1480 वेढ्यांसकट.

गंजलेली पत्ती पॉलिश पेपरने घासून वापरायचा सल्ला तर मला अजिबात सहन होत नाही. 0.35 किंवा 0.5 मिलिमीटरच्या पत्त्या वेगळ्या कापून त्यांना लेप देतात तो त्यांच्यात फिरणारे विजेचे भोवरी प्रवाह तोडण्यासाठी. लेप घासला की शेजारच्या पत्त्या एकमेकींना टेकतात आणि गाभा आतूनच तापतो. गंजलेली पत्ती फेकून द्या. गाभा आवळणाऱ्या बोल्टवरसुद्धा कागदाची नळी हवीच. जुन्या एसएमपीएसमधला (कॉम्प्युटर वगैरेंच्या स्विचिंग पॉवर सप्लायमधला) फेराइटचा गाभा इथे उपयोगाचा नाही. तो हजारो हर्ट्झसाठी असतो आणि अर्ध्या टेस्लाच्या आतच संपृक्त होतो.

बोल्ट आवळा. सेकंडरी मोकळी ठेवून प्रायमरीच्या सिरीजमध्ये 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी वेढे शॉर्ट आहेत किंवा कमी पडले आहेत, ताबडतोब बंद करा. बल्ब विझल्यासारखा राहिला तर तो काढून ट्रान्सफॉर्मर थेट लाइनवर तासभर ठेवा, मग पुरवठा तोडून हात लावा. कोमट असेल तर ठीक. मे महिन्यात वडोदऱ्याची हवाच 42 अंशांना जाते, तेव्हा जास्त ऊब लागली तर घाबरू नका. चटका बसला तर मात्र पत्त्या उतरवून पुन्हा भरा.

वार्निश या परीक्षेनंतरच. एकदा ते सुकलं की एकही पत्ती धड बाहेर येत नाही.