गाठीला सुई लावायच्या आधी एमआरआय

मांडीत, दंडात गाठ लागली की घरात कोणीतरी म्हणतंच, अरे चरबीची असेल. बहुतेकदा असतेच. पण ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी (म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबाएवढी), वाढत चाललेली किंवा स्नायूच्या आत खोल असेल तर दुखत नाही म्हणून बसून राहू नका आणि घाईत कोणाला काढूही देऊ नका. माझ्या मामाची एका नर्सिंग होममध्ये जागेवरच भूल देऊन काढली, साधी सोनोग्राफीपण नाही, नंतर रिपोर्टमध्ये सार्कोमा (स्नायू, चरबी अशा भागांतला कॅन्सर) आला आणि अख्खी जागा परत उघडायला लागली.

तर आधी सोनोग्राफी. गाठ पाण्याची की भरीव, वरवरची की खोल, एवढं त्यात कळतं. शंका राहिली तर एमआरआय, तोही कॉन्ट्रास्टवाला (शिरेतून औषध देऊन काढतात तो) आणि बायोप्सीच्या, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायच्या आधी, कारण एकदा सुई गेली की आत रक्त साकळतं, सूज येते आणि मग गाठ नेमकी कुठे संपते ते फोटोत नीट दिसत नाही.

बुकिंग करतानाच पेसमेकर, क्लिप, रॉड काय असेल ते सांगा, किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन जा. गाठ हाताला लागते तिथे मार्कर लावायला सांगा, व्हिटॅमिन ईची कॅप्सूलपण चालते, ती एमआरआयमध्ये दिसते. आत अर्धा-पाऊण तास न हलता पडायचं, आवाज म्हणजे शेजारी मेट्रोचं खोदकाम.

रिपोर्टमध्ये तिन्ही बाजूंची मापं, गाठ स्नायूवरच्या पडद्याच्या वर की खाली, मोठी रक्तवाहिनी, नस, हाड किती जवळ हे बघा, पाय वाचवून ऑपरेशन होईल का ते यावरच ठरतं. गाठ नेमकी कसली ते मात्र बहुतेक वेळा बायोप्सीच सांगते. आणि ती सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच ठरवू दे, कारण सार्कोमा निघाला तर सुईची वाटही गाठीबरोबर काढायची असू शकते. मग छातीचा सीटी, कारण हा आजार पसरलाच तर बहुतेकदा आधी फुफ्फुसात जातो.

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या, आणि सीडी सेंटरच्या काउंटरवरच लावून बघायला सांगा, आमची रिकामी निघाली आणि परळहून परत ठाणे.