व्हर्च्युअल डेस्कटॉपवर जागा संपत आल्याचा इशारा: आधीच करून ठेवायची तयारी

"जागा कमी आहे" असा इशारा आल्याचे एखाद्या वापरकर्त्याने कळवले की बहुतेकांचा हात आधी फाइली पुसण्याकडे वळतो. घरच्या संगणकावर ते चालून जाते. व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या आणि दुरून वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉपवर, मात्र भरलेली जागा चारपैकी कुठलीही असू शकते: मशीनचा सी ड्राइव्ह, वापरकर्त्याचा प्रोफाइल कंटेनर (त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज साठवणारी आभासी डिस्क), असे सगळे कंटेनर ठेवलेला फाइल शेअर किंवा या सर्वांच्या तळाशी असलेला डेटास्टोअर (आभासी मशीनच्या डिस्क ठेवण्याचा साठा). म्हणून या चारही ठिकाणांची क्षमता, सध्याचा वापर आणि ती वाढवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे लिहिलेला एक ताजा कागद हाताशी असावा. हेल्पडेस्कलाही एक साधी कसोटी शिकवून ठेवावी: वापरकर्त्याला लॉग ऑफ करून दुसऱ्या होस्टवर (सत्रे चालवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर) लॉग इन करायला सांगावे. तक्रार त्याच्या मागे तिथेही गेली तर बहुधा कंटेनर किंवा शेअर तपासावा लागेल. ती जुन्या मशीनवरच राहिली तर त्या मशीनचा सी ड्राइव्ह.

एफएसलॉजिक्स (प्रोफाइल कंटेनर चालवणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) वापरात असेल तर कंटेनरची तयारी सर्वांत आधी करावी, कारण माझ्या मते गोंधळ तिथेच जास्त होतो. लॉग इन करताना वापरकर्त्याची व्हीएचडीएक्स फाइल (म्हणजेच त्याचा कंटेनर) जोडली जाते आणि 'युजर्स'मधला त्याचा फोल्डर प्रत्यक्षात तिच्याकडे वळवलेला असतो, त्यामुळे सी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी दिसत असतानाच आउटलुक डिस्क भरल्याचे सांगू शकतो, आणि दोन्ही गोष्टी खऱ्याच असतात. अशा वेळी डिस्क मॅनेजमेंट उघडून 'प्रोफाइल' या शब्दाने सुरू होणारे, पुढे वापरकर्त्याचे नाव असलेले व्हॉल्यूम शोधावे आणि मोकळी जागा तिथे वाचावी. कंटेनरची कमाल मर्यादा मुद्दाम बदललेली नसेल तर ती ३०,००० एमबी, म्हणजे साधारण ३० जीबी असते. आउटलुकच्या ओएसटी फाइलची, म्हणजे मेलच्या मशीनवरील प्रतीची, स्वतःची मर्यादा मात्र ५० जीबी आहे. म्हणजे ती मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी कंटेनर भरतो. तेव्हा किती महिन्यांची मेल मशीनवर उतरवायची हे ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या केंद्रीय नियमांनी) आधीच ठरवून टाकावे आणि वनड्राइव्हच्या फाइली मागणीनुसारच उतरतील असे पाहावे. रीसायकल बिनकडेही लक्ष असू द्यावे, कारण नव्या आवृत्त्यांत तोही कंटेनरमध्येच राहतो आणि पुसलेल्या फाइली तो रिकामा होईपर्यंत जागा अडवतात.

पुसल्यानंतर कंटेनरच्या आत जागा मोकळी होते, पण शेअरवर त्या फाइलीचा आकार आपोआप कमी होत नाही. एफएसलॉजिक्सच्या २२१० आवृत्तीपासून लॉग ऑफच्या वेळी फाइल आकसवण्याची सोय आली आहे, मात्र ती दोन गोष्टींवर अवलंबून असते आणि दोन्ही आधीच तपासून ठेवाव्यात. पहिली म्हणजे विंडोजची 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' ही सेवा. मास्टर प्रतिमा (ज्या नमुन्यावरून सगळी मशीन बनतात ती) हलकी करणाऱ्या अनेक स्क्रिप्ट ती अनावश्यक समजून बंद करतात आणि मग आकसणे मुकाट्याने थांबते. दुसरी म्हणजे लोकांचे लॉग ऑफ करणे. खिडकी बंद करून निघून जाणारा वापरकर्ता फक्त डिस्कनेक्ट होतो, म्हणून डिस्कनेक्ट झालेली सत्रे ठरावीक तासांनी संपवण्याची मर्यादा लावलेली असावी.

कंटेनरची मर्यादा वाढवणे सोपे आहे, पण ती वाढवण्यापूर्वी गुणाकार करावा: पाचशे वापरकर्त्यांना प्रत्येकी १० जीबी वाढवून दिले तर शेअरवर वाढीव ५ टीबीपर्यंत मागणी येऊ शकते. शिवाय दिलेली मर्यादा नंतर मागे घेता येत नाही.

सी ड्राइव्हसाठी मास्टर प्रतिमा स्वच्छ ठेवणे पुरेसे ठरते: हायबरनेशन बंद, अपडेटचे जुने अवशेष डिझम या विंडोजच्या साधनाने काढलेले. 'विनएसएक्सएस' या विंडोजच्या घटकांच्या फोल्डरचा फुगलेला आकडा पाहून तो हाताने रिकामा करू नये; हार्ड लिंकमुळे (एकच फाइल अनेक ठिकाणी दिसत असल्याने) एक्सप्लोरर तो प्रत्यक्षापेक्षा मोठा दाखवतो. मागे राहिलेली स्थानिक प्रोफाइल्सही फोल्डर पुसून न काढता सिस्टीमच्या यूजर प्रोफाइल्स खिडकीतून काढावीत, म्हणजे रजिस्ट्रीतली नोंदही जाते.

सिट्रिक्स प्रोव्हिजनिंगवर, म्हणजे एकाच प्रतिमेवरून नेटवर्कद्वारे अनेक मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर, वेगळी दक्षता लागते. तिथे सी ड्राइव्हवर होणारे प्रत्येक लेखन राइट कॅशमध्ये (लेखनाच्या तात्पुरत्या साठ्यात) ब्लॉकच्या रूपाने साठते, त्यामुळे फाइली पुसून कॅश लहान होत नाही. मशीन पुन्हा सुरू केल्यावरच कॅश रिकामी होते. कॅश पूर्ण भरली तर मशीन गोठते. म्हणून रीस्टार्टचे वेळापत्रक आधीच ठरलेले असावे, आणि पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) व इव्हेंट लॉग कॅशच्याच डिस्कवर असतील तर त्यांचा आकार बांधून दिलेला असावा.

डेटास्टोअरवर व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या आभासीकरण प्रणालीचा मूळ अलार्म ७५ टक्क्यांना इशारा आणि ८५ टक्क्यांना गंभीर सूचना देतो. ती कोणाच्या मेलवर जाते आणि तो माणूस रजेवर असताना ती कोण पाहतो, हे ठरवून ठेवावे. थिन डिस्कचा (लागेल तशीच जागा घेणाऱ्या डिस्कचा) डेटास्टोअर पूर्ण भरला तर नव्या ब्लॉकची गरज पडणाऱ्या मशीन थांबतात, म्हणजे एकाची नव्हे तर अख्ख्या मजल्याची तक्रार येते. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या आधीच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) तिथे शोधावेतच, पण स्वॅप फाइलींचा (मेमरी कमी पडल्यास वापरायला डिस्कवर ठेवलेल्या फाइलींचा) हिशेबही मांडावा: ८ जीबी रॅमची शंभर मशीन मेमरी राखून न ठेवता चालू केली तर ८०० जीबी स्वॅपसाठीच जातात, आणि पूर्ण मेमरी राखून ठेवली तर ती जागा वाचते.

शेवटी बॅकअप. बिघडलेल्या कंटेनरला हात लावण्याआधी वापरकर्ता पूर्ण लॉग ऑफ आहे आणि फाइल सर्व्हरवर त्याची फाइल कुठल्याही होस्टने उघडी धरलेली नाही याची खात्री करून तिची प्रत काढावी लागते. शेअरच भरलेला असेल तर ती प्रत तिथे मावणार नाही, म्हणून निदान दोन-तीन मोठ्या कंटेनरएवढी जागा दुसऱ्या साठ्यावर राखून ठेवावी आणि तिथे लिहिण्याचे अधिकार रात्रपाळीच्या ॲडमिनला आधीच दिलेले असावेत.