मोल्डिंग मशीनवर शिकताय? स्क्रीनला हात लावण्याआधी या चुका टाळा

इंजेक्शन मोल्डिंगवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबून पार्ट बनवण्याच्या कामावर, नव्याने आलेला अप्रेंटिस पार्ट बघायच्या आधी स्क्रीन बघतो. पार्ट शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेला, आला की प्रेशर वाढवतो, त्याच दमात तापमान दहा डिग्री वर नेतो आणि स्पीडही वाढवतो. पुढचा पार्ट पूर्ण येतो. तो नेमका कशाने आला हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि तासाभराने कडेला फ्लॅश (मोल्डच्या सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) यायला लागला की मागे कुठे जायचं तेही कळत नाही. एका वेळी एकच सेटिंग बदला, जुना आकडा आधी लिहून ठेवा आणि मशीन स्थिरावेपर्यंत काही शॉट जाऊ द्या. तापमान बदललं असेल तर आणखी थांबा, बॅरल (दाणा वितळवणारी नळी) सावकाश तापतं.

शॉर्टचंच घ्या. अनेक कॅव्हिटींच्या (पार्टच्या आकाराच्या पोकळ्यांच्या) मोल्डमध्ये एकच कॅव्हिटी शॉर्ट येत असेल तर दोष बहुधा सेटिंगचा नसतो. गेट (कॅव्हिटीत माल शिरायचं तोंड) अडकलंय का, तिथे माल सोडणाऱ्या टिपचा हीटर चालू आहे का, ते बघा. सगळ्याच शॉर्ट येत असतील तर आधी हॉपरमध्ये (दाणा भरायच्या डब्यात) डोकवा. दाणा संपलेला किंवा तोंडाशी गोळा होऊन अडकलेला सापडतो. दाणा नीट उतरत असेल तर कुशन, म्हणजे शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल, बघा. ते दर शॉटला शून्यावर येत असेल तर एक तर डोस (शॉटसाठी घेतलेला माल) कमी पडतोय, नाहीतर माल मागे जाऊ न देणाऱ्या चेक रिंगमधूनच तो मागे जातोय. आणि शॉर्ट जागेची कड काळी, जळकी दिसली तर तिथे हवा कोंडली आहे. अशा वेळी स्पीड वाढवला की जळणं वाढतं. व्हेंटची (हवा बाहेर जायच्या फटीची) खोली मिलिमीटरच्या जेमतेम दोन-तीन शतांश असते, थोड्याशा मळानेही ती बुजते. मोल्ड उघडून व्हेंट पुसा.

गेटपासून पसरणाऱ्या चंदेरी रेघा दिसल्या की पहिला संशय ओलाव्यावर घ्या. एबीएस साधारण 80 अंशांवर दोन ते चार तास, पॉलिकार्बोनेट 120 अंशांवर तीन-चार तास सुकवतात. नेमका आकडा दाण्याच्या डेटाशीटमध्ये असतो. पॉलिकार्बोनेट आणि पेट ओले चालवले तर वितळताना त्यांच्या रेणूंच्या साखळ्याच तुटतात. पार्ट दिसायला ठीक येतो, पण ठोकला की तडकतो, आणि तोच माल दळून पुन्हा सुकवला तरी गेलेली ताकद परत येत नाही. पीपी-पीई (पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन) पाणी शोषत नाहीत, त्यामुळे ते एरवी सुकवायची गरज पडत नाही.

सिंक मार्कसाठी (पार्टवर पडणाऱ्या खळग्यासाठी) होल्डिंग टाइम, म्हणजे मोल्ड भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ, अंदाजाने वाढवत बसू नका. वेळ अर्ध्या सेकंदाने वाढवत प्रत्येक पार्ट रनर (गेटपर्यंतच्या वाटेतला गोठलेला माल) काढून वजनकाट्यावर ठेवा. वजन वाढायचं थांबलं म्हणजे गेट गोठलं. त्यापुढचा वेळ फुकट. ही चाचणी प्रत्येक अप्रेंटिसकडून एकदा तरी करून घ्यायला हवी. त्याऐवजी त्याला महिनोन्महिने फ्लॅश कापायला बसवतात आणि वर ‘पोराला काही येत नाही’ म्हणतात.

काही चुकांना मात्र दुसरी संधी नसते. पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल हे दोन प्लास्टिक बॅरलमध्ये एकत्र येऊ देऊ नका. पीव्हीसीतून सुटणाऱ्या आम्लाने अ‍ॅसिटल फुटतं, फॉर्मल्डिहाइड वायूचा दाब चढतो आणि वितळलेला माल नोझलमधून किंवा हॉपरमधून उसळू शकतो. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पीईने बॅरल पूर्ण साफ करा. पर्जिंग (बॅरलमधला जुना माल बाहेर काढणं) चालू असताना नोझलसमोर उभं राहू नका, फेस शील्ड लावा. सेफ्टी गेटचा (मशीनच्या संरक्षक दाराचा) स्विच बांधून मशीन चालवायला कुणीही सांगितलं, अगदी सिनियरने, तरी नाही म्हणा.

अडकलेला पार्ट स्क्रूड्रायव्हरने उकरू नका, पितळी पट्टी वापरा. पॉलिश केलेल्या पोलादावर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक पार्टवर उमटतो. मोल्ड काही दिवस बंद राहणार असेल तर कूलिंगचं पाणी हवेने फुंकून काढा आणि कॅव्हिटीवर अँटी-रस्ट स्प्रे मारा.