मुलांच्या ताब्याचा कायदा बदलायचा असेल, तर पालकांनी काय करावं

माझ्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. तरीही दूर राहणाऱ्या पालकाची आणि मुलाची भेट लवकर सुरू व्हावी यासाठी मी आमदारांचे उंबरे झिजवते. अंतरिम भेटीचा, म्हणजे दावा चालू असतानाच्या भेटीचा अर्ज तारीख पे तारीख लोंबकळतो आणि तेवढ्यात लहान मूल आईला किंवा बापाला परकं होतं. आमच्या घरात हे झालं. आता बरेच पालक विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहिते आहे.

आधी मागणी एका वाक्यात बसवा. ‘कौटुंबिक कायदे बदला’ असं निवेदन फायलीत जातं आणि तिथेच राहतं. मूळ कायदा उघडून कलम वाचा. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चं कलम २६ मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण या तिन्हींबद्दल आहे. २००१ साली त्याला एक परंतुक, म्हणजे कलमाच्या शेवटी येणारी पुरवणी तरतूद, जोडलं गेलं : दावा चालू असताना केलेला मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज, शक्य तोवर, नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा. त्या परंतुकात ताबा नाही, भेटही नाही. आमची मूळ मागणी एवढीच, की तिथे ‘ताबा व भेट’ हे शब्द घाला. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३८ मध्येही तसंच करा. निवेदनात डावीकडे आजचं कलम, उजवीकडे हवं असलेलं कलम आणि नवे शब्द ठळक, असं एकाच पानावर छापा. आमदारांना ते उभ्याउभ्या कळतं. विधी व न्याय विभागातल्या अधिकाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं.

‘हा केंद्राचा विषय आहे’ असं म्हणून वाटेला लावणारे भेटतीलच. त्यांना नम्रपणे सांगा, की विवाह, घटस्फोट, अज्ञान मुलं, दत्तक आणि वारसा हे राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतल्या विषयांच्या यादीतल्या, पाचव्या नोंदीत आहेत. विधानमंडळालाही त्यावर कायदा करता येतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये दिला. मात्र राज्याची दुरुस्ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरत असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. महिला व बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं राज्याचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानमंडळात मंजूर झालं, पण ती संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. म्हणून दुरुस्ती जितकी लहान ठेवाल तितकी बरी.

प्रत्येक गोष्टीला विधेयक लागतं असंही नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या कामकाजाचे नियम १९८४ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालय करतं, काही नियम राज्य शासनही करू शकतं. भेटीची खोली, तिथल्या वेळा, समुपदेशक यासाठी तिकडे अर्ज करा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव येऊ लागलं, ते शासनाच्या निर्णयाने.

आमदार निवडताना पक्ष पाहू नका. वकिली केलेले किंवा महिला व बालकांच्या प्रश्नांवर सभागृहात बोलणारे शोधा. अधिवेशनाच्या धामधुमीत विधानभवनाच्या पायऱ्यांवर गाठून काही होत नाही; त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात, अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी जा. पीएंना मान द्या, फाईल तेच हलवतात. आमदारांच्या लेटरहेडवर विधी व न्याय मंत्र्यांना पत्र घ्या, प्रत महिला व बालविकास विभागाला. मंत्रालयात दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नका.

विधेयकाच्या आधी तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, मागा : अंतरिम ताबा आणि भेटीचे किती अर्ज किती काळ प्रलंबित आहेत? म्हणजे आकडे शासनाकडूनच मिळतात. पुढे लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, मग अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं विधेयक. अशासकीय कामकाज शुक्रवारी असतं, आणि अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात. तरी ती मांडायला लावा, कारण मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. त्यांनी ‘शासन तपासून निर्णय घेईल’ असं म्हटलं, की ते नोंदीवर येतं आणि मंत्र्यांची आश्वासनं पाळली गेली का हे पाहणाऱ्या विधानमंडळाच्या आश्वासन समितीमार्फत पाठपुरावा करता येतो. आणखी एक : नवी पदं, नवी केंद्रं असला खर्च विधेयकात घालू नका. तिजोरीवर भार पडणाऱ्या विधेयकाचा विचार होण्याआधी राज्यपालांची शिफारस लागते.

स्वतःच्या केसची कागदपत्रं नेऊ नका. न्यायप्रविष्ट म्हटलं की आमदारांचे हात बांधले जातात. मुलाचं नाव, फोटो तर कुठेच नको.

सगळ्यात जास्त वेळ विरोधकांना द्या. महिला संघटनांना भीती वाटते, की भेटीच्या नावाखाली मारहाण करणारा पुन्हा दारात येईल. ती भीती खरी आहे. एका कार्यकर्तीने मला विचारलं, “ताई, तिच्या अंगावर वळ असतील तरी ६० दिवसांत भेट द्यायची?” मी म्हटलं, ६० दिवसांत भेट द्या असं आम्ही म्हणत नाही, ६० दिवसांत निर्णय द्या म्हणतो, नकार हाही निर्णयच. त्यानंतर देखरेखीखालच्या भेटीची तरतूद आम्ही मसुद्यात घातली, आणि मसुदा जास्त चांगला झाला. सोबत कायद्यातल्या सुधारणा सुचवणाऱ्या केंद्राच्या विधी आयोगाच्या मे २०१५ च्या २५७ व्या अहवालातली संबंधित पानं जोडा. संयुक्त ताब्याची शिफारस करतानाही त्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे. सगळ्या बायका खोट्या किंवा सगळे पुरुष राक्षस असं बोलणाऱ्यांना शिष्टमंडळात घेऊ नका. त्यांचं दुःख खरं असेलही, पण एका वाक्यात ते सगळ्यांचं काम बिघडवतात.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं आणि तारांकित प्रश्नांच्या सूचना त्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. तेव्हा ते एक पान दिवाळीच्या आत आमदारांच्या हातात पोचवा.