मराठीत नवे लेखक सापडत नाहीत म्हणताय? मग या चुका टाळा

"मराठीत हल्ली वाचण्यासारखं काही येतच नाही" असं म्हणणाऱ्याला एकदा विचारून बघा की शेवटची पाच पुस्तकं कोणती वाचली. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, मृत्युंजय, स्वामी, ययाति, पुलंचं काहीतरी आणि सिनेमा आला होता म्हणून दुनियादारी. पुस्तकं चांगलीच आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण ही लिस्ट कॉलेजपासून सगळ्यांकडे तीच फिरते आणि ती संपली की माणूस थांबतो, मग काही वर्षांनी परत तीच पुस्तकं वाचतो आणि म्हणतो की पूर्वीसारखं लिहिणारे राहिले नाहीत. राहिलेत हो. शोधताना आपण काय गडबड करतो ते बघू.

"असंच अजून सुचवा" म्हणणं

कुठल्याही वाचनाच्या ग्रुपवर जा, "मृत्युंजय फार आवडलं, असंच अजून सुचवा" ही पोस्ट असतेच आणि खाली छावा, राधेय, श्रीमान योगी ही उत्तरंही असतातच. प्रश्नच एवढा मोघम आहे की उत्तर यापेक्षा वेगळं येणार कसं? आवडलं म्हणजे नेमकं काय आवडलं ते आधी स्वतःला विचारा. कर्ण आणि महाभारत आवडलं असेल तर पुढचा रस्ता इरावती कर्वेंच्या युगान्तकडे जातो, छोटंसं पुस्तक आहे, 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला, आणि त्यातला कर्ण वाचून मृत्युंजयचे भक्त जरा नाराज होतात पण पुस्तक खाली ठेवत नाहीत. मग दुर्गा भागवतांचं व्यासपर्व, मग एस. एल. भैरप्पांचं पर्व, मूळ कन्नड पण उमा कुलकर्णींनी मराठीत आणलंय, त्यात चमत्कार वगैरे सगळे काढून टाकलेत आणि उरलीत नुसती थकलेली, भांडणारी माणसं. आणि समजा तुम्हाला महाभारत एवढं महत्त्वाचं नव्हतं, एकच गोष्ट कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण अशी वेगवेगळी माणसं आपापल्या बाजूने सांगतात ते आवडलं, तर मग पौराणिक कादंबऱ्यांच्या मागे लागण्यात काही अर्थच नाही, तुम्हाला कथन आवडतंय, विषय नाही.

इतिहासाचंही तेच. स्वामी वाचून पेशवाईची ओढ लागली तर पुढे विश्वास पाटलांचं पानिपत आहेच, पण त्यानंतर नंदा खरे यांची अंताजीची बखर घ्या. पेशवाईतला एक साधा, थोडा लबाड माणूस आपल्या डोळ्यांनी दिसलेलं सांगतो, तिथे पराक्रमाच्या आरत्या नाहीत आणि मस्त तिरकस विनोद आहे. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे भरजरी भाषा असं ज्यांना वाटतं त्यांना हे पुस्तक कोणी सुचवतच नाही, म्हणून मी सुचवतोय.

अवघड दारातून आत शिरणं

एखाद्या लेखकाचं नाव खूप ऐकलेलं असतं म्हणून आपण त्याचं सगळ्यात गाजलेलं किंवा सगळ्यात जाड पुस्तक उचलतो, तीस पानांत दम लागतो आणि तो लेखक कायमचा बाद. भालचंद्र नेमाड्यांना 2014 चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा असंख्य लोकांनी थेट हिंदू घेतलं, ते आजही कित्येक घरांत बुकमार्कसकट तसंच आहे. आधी कोसला वाचा ना, 1963 ची कादंबरी आहे पण आजचा हॉस्टेलवरचा पोरगा बोलतोय असं वाटतं, पांडुरंग सांगवीकरशी जमलं तर पुढे जा, नाही जमलं तर तेही कळेल.

जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत तर हे हमखास होतं. कोणीतरी सांगतं की जी. ए. वाचले नाहीत तर काय वाचलं, मग माणूस रमलखुणा घेऊन बसतो, त्यात दोनच दीर्घकथा, दोन्ही रूपकांच्या जंगलातल्या, आणि डोकं गरगरतं. निळासावळा किंवा हिरवे रावे घ्या आधी. तिकडे साधी माणसं आहेत, घरं आहेत, दुःखं ओळखीची आहेत. तो आवाज कानात बसला की मग काजळमाया, आणि रमलखुणा सगळ्यात शेवटी. श्री. ना. पेंडशांची तुंबाडचे खोत दोन खंडांची आहे, तिच्याआधी गारंबीचा बापू. साधा नियम असा की लेखक नवा असेल तर त्याचं बारीक पुस्तक किंवा कथासंग्रह आधी, कारण कथा आवडली नाही तर पुढची आहे, कादंबरीत ती सोय नसते.

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा हे "टाइमपास" म्हणून सोडून देणं

ही चूक जास्त शिकलेले लोक करतात असं माझं ठाम मत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी लोक लायब्ररीत नंबर लावायचे, दोन पिढ्यांना मराठी वाचायची सवय या पुस्तकांनी लावली, पण मराठी साहित्यावरच्या चर्चेत ते नाव आलं की लोक गालात हसतात. नारायण धारप, सुहास शिरवळकर यांचंही तेच. ही पुस्तकं सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून हातोहात फिरायची, फाटेपर्यंत वाचली जायची, त्यामुळे जुन्या प्रती उरल्या कमी आणि समीक्षेतही त्यांना फारशी जागा मिळाली नाही. म्हणून "मराठीतली सर्वोत्तम पुस्तकं" टाइपच्या याद्या वाचून हे लेखक तुम्हाला कधीच सापडणार नाहीत.

धारप वाचताना एक लक्षात ठेवा, त्यांच्या काही कादंबऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, लुचाई ही स्टीफन किंगच्या सालेम्स लॉटवरून आलीय, पण ते वाडे, त्या गावातली माणसं इतकी आपली आहेत की उसनं वाटत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वेगळ्या, तिथे भूत कमी आणि माणसाच्या मनातला अंधार जास्त. हे दोघं आवडले तर आजच्यातले हृषीकेश गुप्ते बघा, अंधारवारीतल्या भयकथा आधी आणि मग दंशकाल. दंशकाल ही भयकथा आहे की गावाची कादंबरी हे ठरवता येत नाही आणि तीच तिची मजा आहे.

विज्ञानकथेचा एक किस्सा सांगायलाच हवा. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची कृष्णविवर ही कथा पहिली आली. तो माणूस म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलेलं, म्हणजे आपल्या नावाला बघून बक्षीस नको म्हणून. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ नवशिक्यांच्या रांगेत उभा राहून विज्ञानकथा लिहितो आणि आपण म्हणतो ते पोरांचं वाचन. यक्षांची देणगीपासून सुरू करा, पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर अशी चांगली मोठी रांग आहे.

वयाची लेबलं

मुलांसाठी पुस्तक घेताना आईबाप स्वतःच्या लहानपणाची खरेदी करतात. आठ वर्षांच्या पोराला श्यामची आई देतात, पोरगं चार पानं वाचून ठेवून देतं आणि मग "आजकालची मुलं वाचतच नाहीत". अहो, ते पुस्तक 1935 चं आहे, त्यातलं कोकण, त्यातलं दारिद्र्य, त्यातली भाषा, सगळं त्याला परकं आहे, जरा मोठं होऊ दे, नाहीतर शेजारी बसून तुम्ही वाचून दाखवा. अगदी लहानांना माधुरी पुरंदरेंचं राधाचं घर द्या, मजकूर थोडा आणि चित्रांमध्ये बघत बसावं इतकं काही. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने म्हणा. नऊ-दहाच्या पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, सायकल, भानगडी, हा अजूनही चालतो, मात्र आधी एखादं प्रकरण तुम्ही वाचून उत्सुकता लावून द्यावी लागते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच वयाचा. आणि फुकटात हवं असेल तर किशोर मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, त्यात मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेलं आहे.

खरी पंचाईत बारा ते सोळाची. या वयासाठी म्हणून मराठीत फार कमी लिहिलं जातं हे मान्यच करायला पाहिजे, मग मुलं इंग्रजीकडे जातात आणि परत येत नाहीत. इथे "किशोरांसाठी" असं छापलेलं शोधत बसू नका, मोठ्यांचीच पण हलकी, वेगवान पुस्तकं द्या. मिलिंद बोकीलांचं शाळा, नववीतली पोरं आणि आणीबाणीचा काळ, थोडी शिवराळ भाषा आहे, तर असू दे, त्यांच्या वर्गात याहून जास्त ऐकतात ती. व्यंकटेश माडगूळकरांचं बनगरवाडी, छोटं आहे, एकट्या पडलेल्या कोवळ्या मास्तरची गोष्ट आहे. अनुवादात राम पटवर्धनांचं पाडस आणि शांता शेळक्यांचं चौघीजणी. आणि शिरवळकर तर आहेतच.

परदेशातल्या मराठी घरांत वेगळा प्रॉब्लेम असतो, मुलाला बोलणं सगळं कळतं पण देवनागरी अडखळत वाचतो, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाची पुस्तकं दिली जातात आणि तो वैतागतो. तिथे ऑडिओबुक आधी, छापील नंतर. हेच आजीआजोबांना पण लागू आहे, डोळे थकलेत म्हणून त्यांचं वाचन पोथीपुरतं उरतं, त्यांना ऑडिओवर एखादी चांगली रहस्यकथा लावून द्या आणि बघा.

एका पुस्तकावरून अख्खा प्रांत वाचून झाला असं समजणं

"दलित आत्मकथन वाचलंय मी, बलुतं." बरं, मग? दया पवारांचं बलुतं 1978 चं, त्यातला माणूस स्वतःलाच आरोपीसारखा तपासतो. ऊर्मिला पवारांचं आयदान कोकणातल्या बाईचं, त्यात बाहेरच्या जातीइतकंच घरातल्या नवऱ्याबद्दल बोललंय. नरेंद्र जाधवांच्या आमचा बाप आन् आम्हीमधला बाप पार तिसराच, त्याच्यावर हसू येतं आणि अभिमानही वाटतो. ही तीन पुस्तकं एकाच कपाटात ठेवलेली असतात एवढंच त्यांचं साम्य. ग्रामीण म्हणून जे एक खोकं केलंय त्यातही असंच, सदानंद देशमुखांचं बारोमास विदर्भातल्या शेतीचं, राजन गवसांचं तणकट सीमाभागाकडच्या गावाचं, बोली वेगळी, राजकारण वेगळं. बोलीची भीती वाटत असेल तर पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, डोळ्यांना अडणारे शब्द कानाला लगेच कळतात.

सर्च करताना होणारे घोळ

सगळ्यात फालतू आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही. चिं. त्र्यं. खानोलकरांची कोंडुरा ही कादंबरी आवडली म्हणून तुम्ही कविता शोधायला जाता आणि काहीच मिळत नाही, कारण कविता आरती प्रभू या नावाने आहेत. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. लायब्ररीच्या यादीत आडनाव आधी असतं, आणि कुलकर्णी, देशपांडे, पाटील टाकलं की शेकडो नावं येतात, म्हणून आडनाव आणि पुस्तकाच्या नावातला एक वेगळा शब्द असं टाका. रोमनमध्ये टाइप करू नका, प्रत्येक दुकानाचं स्पेलिंग वेगळं असतं, फोनवर देवनागरी कीबोर्ड घ्या आणि सुटा.

अनुवाद शोधताना अनुवादकाचं नाव बघायची सवय लावा. अनुवादित पुस्तक कंटाळवाणं वाटलं तर दोष मूळ लेखकाचा असेलच असं नाही. उलट एखादा अनुवादक आवडला की तो ज्या ज्या लेखकांना हात लावतो ते बहुतेक वाचण्यासारखे निघतात, उमा कुलकर्णींच्या नावावरून कन्नडमधले किती लेखक मराठी वाचकांना कळले ते मोजायला बसलं तर वेळ जाईल. प्रकाशकाचंही तसंच. आवडलेल्या पुस्तकाची शेवटची पानं उघडा, तिथे त्याच प्रकाशकाच्या बाकीच्या पुस्तकांची यादी असते, आणि ही यादी ऑनलाइनच्या बेस्टसेलर लिस्टपेक्षा कितीतरी कामाची, कारण संपादकाची आवड एकच असते.

"मिळत नाही" म्हणून पीडीएफ मागत फिरणं

हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर मागायला काहीच वाटत नाही लोकांना. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले म्हणजे त्यांचं साहित्य 2011 पासून मोकळं झालं, ह. ना. आपटे, लक्ष्मीबाई टिळक तर त्याआधीच, ही पुस्तकं कायदेशीररीत्या फुकट वाचता येतात, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे तर आज रात्रीच उघडा. बाकीच्यांसाठी लायब्ररी. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, अशा ठिकाणी बाजारातून गायब झालेली पुस्तकं कपाटात असतात, फक्त ती समोरच्या शेल्फवर नसतात, मागावी लागतात.

आणि आज कोण काय लिहितंय हे कळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दिवाळी अंक. 1909 मध्ये मनोरंजनने सुरू केलेली ही प्रथा अजून चालू आहे आणि आजही कित्येक लेखकांची पहिली कथा तिथेच येते. चूक अशी होते की लोक एकच अंक घेतात, तोही जाहिरात बघून, आणि त्यातली ओळखीची नावंच वाचतात. बऱ्याच लायब्रऱ्या थोडे पैसे घेऊन दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. मौज, अक्षरमधली एक-एक कथा, भय-रहस्यासाठी नवल नाहीतर धनंजय, असं चाळा, ओळखीची नावं आधी बाजूला ठेवा, जी कथा वाचून झाल्यावर लेखकाचं नाव परत बघावंसं वाटलं ते नाव लिहून ठेवा आणि अंक परत करायला जाल तेव्हा काउंटरवर विचारा की यांचं पुस्तक आलंय का.