टायमिंग जुळत नसेल तर डिस्ट्रिब्युटरला हात शेवटी लावा

घरी इंजिन बांधून झालं, सेल्फ मारला आणि गाडी कार्ब्युरेटरमधून फटके मारू लागली, किंवा सुरू झाली पण ओढतच नाही, की बहुतेक जण सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला करतात आणि तो फिरवत बसतात. नका करू. मी नागपुरात आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवते आणि हे त्यांच्याकडून पहिल्या महिन्यापासून घोकून घेते: खालून वर या. आधी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मग ठिणगी. टायमिंग म्हणजे या तिघांचा मेळ. डिस्ट्रिब्युटर फिरवून कॅमची चूक झाकली जाते, आणि झाकलेली चूक शोधायला फार जड जाते.

मानेवाड्याला माझा भाचा राहतो. त्याच्याकडे कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० आहे, तीन सिलिंडरची. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट सगळं त्याने अंगणातच बदललं. मग फोन आला, “मावशी, गाडी चालू होऊन राहिली, पण पिकअपच नाही.” गेल्यावर मी आधी पाहिलं ते डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट खाचेत कुठे आहे ते. एकदम टोकाला! नीट बांधलेल्या इंजिनात तो साधारण मधल्या भागात येतो. खाच संपेपर्यंत फिरवल्यावरच गाडी चालत असेल तर दोष दुसरीकडे आहे. या गाडीत डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, म्हणून क्रँकवरून कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट एक दात मागे राहिला की ठिणगीही तेवढीच उशिरा पडते. फिरवून ठिणगी पुढे आणता येते, व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत राहतात. कॅमच्या चाकाला ४० दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. हा फरक थोडाथोडका नाही.

तर सुरुवात क्रँकपासून. बॅटरीची तार काढा, तिन्ही प्लग काढा आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा, सेल्फ ज्या दिशेने फिरवतो त्याच दिशेने. कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल तर वाकेल.

पुलीवरच्या टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या) खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही पुलींमध्ये आतलं आणि बाहेरचं कडं रबराने जोडलेलं असतं, रबर जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं. क्रँकवरची चावी (पुली जागेवर धरणारा छोटा तुकडा) आणि तिची खाचही बघा. मधला बोल्ट नीट आवळला गेला नसेल तर दोन्ही खाल्ल्या जातात आणि खुणा जुळूनही टायमिंग चुकतं. एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची स्ट्रॉ घालून पिस्टन वर आला का ते बघतात, पण त्याने अंदाजच येतो. झोका वर गेल्यावर क्षणभर थांबतो तसा पिस्टन वरच्या टोकाला थबकतो, आणि पुली थोडी फिरली तरी स्ट्रॉ हलत नाही. नेमका टीडीसी हवा असेल तर जुन्या प्लगच्या सांगाड्यात गोल टोकाचा बोल्ट बसवून पिस्टनला अडवा. एका बाजूने हलकेच टेकवून खूण करा, दुसऱ्या बाजूने टेकवून दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. अडवणारा बोल्ट काढल्यावर इंजिन सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, कारण उलटं फिरवताना बेल्टचा ढिलेपणा भलत्या बाजूला जातो.

आता कॅम. बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर आलाच, असं धरू नका. चार स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून पिस्टन वर दोनदा येतो. प्लगच्या भोकावर अंगठा धरा: हवा ढकलत असेल तर कॉम्प्रेशन, नाहीतर एक्झॉस्ट.

भाच्याच्या गाडीचा खरा दोष मी रॉकर कव्हर उघडून पकडला. एक नंबर एक्झॉस्टच्या टीडीसीवर आणा आणि दोन्ही रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांवर) एकेक बोट ठेवून पाना किंचित पुढे-मागे करा. नीट असेल तर त्याच ठिकाणी एक्झॉस्टचा रॉकर सुटत असतो आणि इनटेकचा दाबायला लागतो, दोन्ही थोडे थोडे. त्याच्या इंजिनात एक्झॉस्ट चांगलाच दाबलेला होता आणि इनटेक हललाच नव्हता. कॅम उशिरा. कारण साधं होतं: खुणा जुळवून त्याने टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) तसाच आवळला, इंजिन फिरवलंच नाही, त्यामुळे ताणाच्या बाजूला ढील राहिली आणि बेल्ट एक दात चढला. खुणा जुळवा, टेन्शनरचा स्प्रिंग मोकळा सोडा, दोन फेरे फिरवा, मग आवळा, परत दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. हेड घासून आणलं असेल तर कॅम किंचित खाली येतो आणि थोडा उशीर त्यानेही होतो, पण तो एका दाताएवढा नसतो.

कॉम्प्रेशन गेज असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून तिन्ही मोजा. एकच कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग बघा. तिन्ही सारखेच कमी आले तर घाई करू नका, कारण नव्या रिंगा बसायच्या असतात. चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा; जागचा हलला नाही तर बेल्ट, नाहीतर टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फार कमी राहिली आहे.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच डिस्ट्रिब्युटर. एक नंबर कॉम्प्रेशनवर, रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा भाग) एक नंबरच्या तारेसमोर, आणि तारा रोटरच्या फिरण्याच्या दिशेने १-३-२. गिअरचे दात तिरके असल्याने बसवताना रोटर थोडा फिरतो, तेवढा आधीच मागे धरून बसवा. रोटर दोन तारांच्या बरोबर मध्ये दिसला तर तुम्ही एक्झॉस्टच्या टीडीसीवर आहात. तीन सिलिंडरच्या गाडीत अर्धा फेरा मधेच पडतो. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतील तर आधी त्यांची गॅप लावा, कारण गॅप वाढली की ठिणगी लवकर पडते. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून बुजवा आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावा. अंशांचा आकडा आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. पुलीवर अंश नसतील तर हिशेब करा: १३० मिलिमीटर व्यासाच्या पुलीच्या कडेवर १० अंश म्हणजे साधारण ११ मिलिमीटर.

खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट घासलेला किंवा बेल्ट ढिला. रेस दिल्यावर खूण हललीच नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर ठिणगी पुढे नेणारी वजनं गंजून अडकली आहेत.

कार्ब्युरेटरमधून फटका म्हणजे टायमिंगच, असं नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, आणि जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण पातळ पडलं तरी थंड इंजिन तसंच फटकतं. चोक थोडा ओढल्यावर फटके थांबले तर जेट बघा, टायमिंगला हात लावू नका.

रस्त्यावर तपासायला मी सेमिनरी हिल्सचा चढ घेते. वरच्या गिअरमध्ये थोडं ॲक्सिलरेटर दाबलं की पुढे ठिणगी असलेली गाडी टकटक वाजते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जानेवारीत गप्प असलेली गाडी दुपारी वाजू लागते. तेव्हा ठिणगी एक-दोन अंश मागे घ्या, बोल्ट आवळा आणि लाइट परत लावून बघा. आवळतानाही डिस्ट्रिब्युटर सरकतो. काही दिवस चालवल्यावर इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पुन्हा मोजा. हेड दाबलं गेल्याने आणि व्हॉल्व्ह नव्या सीटवर बसल्याने गॅप बदललेली असते.