आउटलॉ कंट्रीतलं कथागीत लिहिताना आणि गाताना या चुका टाळा

आउटलॉ कंट्री ही अमेरिकेतल्या कंट्री संगीताची बंडखोर शाखा, आणि कथागीत म्हणजे गाण्यातून सांगितलेली गोष्ट. ती लिहायला बसलं की पहिल्याच मसुद्यात पिस्तूल, तुरुंग, व्हिस्की, मालगाडी आणि शेरीफ असं सगळं सामान भरलं जातं, तरीही गाणं उभं राहत नाही. या गाण्यांचा जोर गुन्हेगारीत नाहीच. १९७०च्या दशकात वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन हे या शाखेचे गायक नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या केंद्रातल्या रेकॉर्ड कंपन्यांशी भांडले ते रेकॉर्डवरच्या हक्कासाठी. गाणी कोणती घ्यायची, साथीला कोण बसणार, मागे व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस चढवायचा की नाही, हे गायकाने ठरवायचं होतं. कंट्री गायक जॉनी कॅश १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या फोल्समच्या तुरुंगात कैद्यांपुढे गायला, पण तुरुंगवासाची शिक्षा त्याने कधीच भोगली नव्हती. मर्ल हॅगर्ड या दुसऱ्या गायकाने सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात ती भोगली होती. लोकांनी दोघांचंही गाणं खरं मानलं. तेव्हा सामान काढून टाका. एक कृत्य, एक ठिकाण आणि दोन-तीन माणसं पुरतात.

या गाण्यांची मुळं अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत आहेत म्हणून हे गायकही डोंगरातले, असा समज सर्रास दिसतो. जेनिंग्ज लिटलफील्डचा, नेल्सन ॲबटचा. दोन्ही गावं टेक्सासची. डोंगरातून आली ती गोष्ट सांगण्याची रीत. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस या इंग्रज लोकगीत-संग्राहकांनी १९१६ ते १९१८ या काळात तिथली जुनी कथागीतं टिपली. १९२७ मध्ये टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टलला राल्फ पीर या रेकॉर्ड निर्मात्याने ‘कार्टर फॅमिली’ या डोंगरातल्या गायक कुटुंबाचं ध्वनिमुद्रण केलं आणि पुढे रेकॉर्ड व रेडिओमुळे ही रीत दूरवर गेली. तिला निव्वळ ब्रिटिश वारसा म्हणणंही चूक आहे. बँजोचं मूळ आफ्रिकी आहे, आणि त्या कुटुंबातल्या ए. पी. कार्टरबरोबर गावोगाव फिरून चाली डोक्यात साठवून आणणारा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता.

आता लेखनाकडे वळू, कारण बहुतेक गाणी इथेच फसतात.

पोवाड्यावर वाढलेल्या कानाला निवेदकाने बाजू घेणं स्वाभाविक वाटतं. डोंगरी कथागीतात निवेदक बाजू घेत नाही. काय झालं ते सांगतो, का झालं ते बहुधा सांगतही नाही. ‘त्या पापी, निर्दय माणसाने विश्वासघात केला’ अशी ओळ आली की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. तीच घटना अशी सांगून बघा:

नदीकाठी दोघं गेली,
सांज झाली होती;
घरी आला एकटाच तो,
बाही ओली होती.

खून हा शब्द कुठेच नाही, बाही मात्र दिसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधली उडी हाच या प्रकाराचा प्राण आहे. नवशिके नेमकी ती उडी भरून काढतात: भांडण कशावरून झालं, वाटेत काय बोलणं झालं, हात कसा उठला. मसुदा पूर्ण झाला की पहिली दोन कडवी झाकून वाचा. गोष्ट कळत असेल तर ती दोन्ही काढा. ‘फार वर्षांपूर्वी एका गावात’ हे बहुतेक वेळा त्यातच निघून जातं.

याच कडव्यात ठेका मोजा. ओळींवर चार, तीन, चार, तीन असे आघात पडतात. तीन आघातांच्या ओळीतही जागा चार आघातांची असते; चौथी मोकळी राहते. तिथे गायक श्वास घेतो आणि गिटारला दोन सूर बोलता येतात. ‘बाही ओली होती’ला ‘रक्ताने’ जोडून ती जागा भरली की श्वास तुटतो, पुढची ओळ उशिरा सुरू होते आणि सबंध कडवं मागे पडतं.

प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद घालणं ही आणखी एक सवय. चार-चार ठोक्यांच्या आठ बारचं (आवर्तनांचं), म्हणजे दर ओळीला दोन बार असं, एक कडवं मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत २० सेकंद घेतं. आठ कडवी २ मिनिटं ४० सेकंदांत होतात. आठ-आठ बारचे दोन वाद्यखंड धरले तर ३ मिनिटं २० सेकंद. तेवढ्याच लांबीचं ध्रुवपद आठ वेळा आलं तर नुसतं गाणंच ५ मिनिटं २० सेकंदांवर जातं आणि गोष्ट आठ वेळा थांबते. पुनरावृत्ती हवीच असेल तर जुनी रीत वापरा: तीच ओळ पुढच्या कडव्यात एक-दोन शब्द बदलून आणा, म्हणजे गोष्टही सरकते.

कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची, चूक कानाला खटकते, पण कारण सापडत नाही. जुन्या डोंगरी चालींत पुष्कळदा पाचच सूर असतात, किंवा निषाद कोमल असतो. ए मायनरमधल्या (षड्ज ए) अशा चालीखाली ई सेव्हन कॉर्ड वाजवला तर त्यातला जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, गळ्यातल्या जीशी भांडतो. तिथे जी मेजर घ्या, किंवा ई कॉर्डमधले ई आणि बी एवढेच सूर वाजवा. षड्ज डीवर असेल तर सहावी तार ईवरून डीवर उतरवा. सहावी, पाचवी आणि चौथी मिळून डी-ए-डी असा आधार सतत मिळतो, आणि डी व सी या दोन कॉर्डवर अख्खं गाणं निघू शकतं.

गाताना खुनाच्या कडव्यात आवाज चढवू नका, रडवेला करू नका. डोंगरातल्या जुन्या गायिका शेवटच्या कडव्यापर्यंत आवाजाची पातळी जवळपास तीच ठेवत, सूर सरळ लावत, कंप जवळजवळ नाहीच. त्या सपाटपणानेच अंगावर काटा येतो.

मुद्रणात वाद्यं थरावर थर चढवण्याआधी नेल्सनचा १९७५चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम ऐका. बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारणाऱ्या धर्मोपदेशकाची ही सलग गोष्ट टेक्सासातल्या गारलंडमध्ये इतक्या मोजक्या साथीवर मुद्रित झाली की कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला. नेल्सनने ती तशीच बाहेर काढायला लावली. तुम्हीही आधी आवाज आणि एक गिटार एवढंच एकत्र मुद्रित करा. फिडल (व्हायोलिन) किंवा स्टील गिटार घ्यायचीच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या मोकळ्या जागी वाजवा आणि शब्द सुरू होताच थांबवा.